काचा पुसायला वर चढण्याआधी: पाहणी, शिडी, बेल्ट आणि हूक यांचा क्रम

बेल्ट अंगावर असतो, पण हूक खिडकीच्या ग्रिलला, एसीच्या ब्रॅकेटला नाहीतर बेल्टच्याच दुसऱ्या कडीत अडकवलेला असतो. नागपुरात सीताबर्डीतल्या शोरूमच्या काचांपासून मनीषनगर-बेसाकडच्या फ्लॅट स्कीमपर्यंत हे कुठेही दिसतं. इथे साहित्य कमी पडत नाही, क्रम चुकतो. आधी माणूस वर चढतो आणि मग हूक अडकवायला जागा शोधतो. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे: हुकाची जागा आधी ठरते, चढणं सगळ्यात शेवटी येतं.

हा लेख एकट्याने किंवा एक मदतनीस घेऊन काम करणाऱ्यांसाठी आहे. जमिनीवरून, खोलीतून, शिडीवरून आणि गच्चीच्या कडेशी उभं राहून होणारी कामं यात घेतली आहेत. दोरावर लटकून करायच्या कामाबद्दल शेवटी लिहिलं आहे, पण ते शिकवण्यासाठी नाही. ते काम कधी नाकारायचं, एवढंच तिथे सांगितलं आहे.

## टप्पा १: आदल्या दिवशी पाहणी

जागा बघितल्याशिवाय फोनवर भाव सांगू नका. एकदा भाव बोलून बसलात की नंतर सापडलेला प्रत्येक धोका तुमच्याच खिशातून जातो, आणि मग माणूस तो धोका न दिसल्यासारखं करतो. पाहणीला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आधी इमारतीभोवती खालून पूर्ण चक्कर मारा, मग गच्चीवर जा.

उंची. एक मजला साधारण १० फुटांचा धरा. खाली पार्किंग असेल तर त्याचेही १० फूट मोजा. वर ३ फुटांवर खिडकीचा उंबरठा आणि ४ फुटांची खिडकी, म्हणजे ज्याला लोक पहिला मजला म्हणतात त्या खिडकीची वरची कड जमिनीपासून १७ फुटांवर असते. ‘पहिलाच मजला आहे’ ऐकून १२ फुटांची शिडी घेऊन येणारा इथेच फसतो.

विजेच्या तारा. जुन्या वस्त्यांत आणि अरुंद गल्ल्यांत खांबांवरच्या उघड्या तारा गॅलरीपासून हाताच्या अंतरावर असतात. नियम साधा ठेवा: शिडी किंवा पोल पूर्ण उघडल्यावर जितका लांब होतो, तितक्या घेरात उघडी तार नको. शिडी उभी असताना तारेला लागत नाही एवढं बघून चालत नाही, ती कलंडली तर कुठवर जाईल ते बघायचं. हातातल्या कुठल्याही वस्तूचं टोक तारेपासून किमान ३ मीटर लांब राहिलं पाहिजे. अॅल्युमिनियम वीज वाहतं, कार्बन फायबरचा पोलही वाहतो, आणि फायबर ग्लासचा पोल ओला झाला की त्याचाही भरवसा नाही. भिंतीवरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचं वरचं आवरण आपल्याकडच्या उन्हात तडकतं, त्यामुळे काळी वायर दिसली की ती सुरक्षितच आहे असं धरू नका. अंतर मिळत नसेल तर ग्राहकाने महावितरणकडून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्यावा, नाहीतर त्या बाजूचं काम घेऊ नये.

आग्या मोहोळ. छज्ज्याच्या खालची बाजू आणि गच्चीवरच्या टाकीच्या स्लॅबचा तळ मान वर करून नीट बघा. पाण्याचा फवारा, पोलचा धक्का किंवा नुसती जवळून गेलेली सावली एवढ्यानेही आग्या उठतं, आणि शिडीवरच्या माणसाला पळायला जागा नसते. ते दिसलं तर त्या बाजूचं काम मोहोळ काढून झाल्यावरच. धूर करून आपणच हाकलू, हा उद्योग नको.

छज्जा. तो ऊन-पाऊस अडवायला असतो, माणूस उभा राहायला नाही. खालच्या बाजूने तपकिरी रेषा, सुटलेलं प्लास्टर, उघडी पडलेली सळई किंवा फटीतून निघालेलं पिंपळाचं रोप दिसलं, तर आतलं लोखंड गंजलं आहे. यातलं काहीच दिसलं नाही तरी छज्ज्यावर पाय ठेवायचा नाही. वरून प्लास्टर नवं करून रंग मारलेला छज्जा तर जास्त फसवा असतो.

जमीन. शिडी कुठे टेकणार ती जागा पायाने दाबून बघा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात शिडीचा एक पाय गिळते आणि उन्हाळ्यात भेगांनी हलते. पार्किंगच्या गुळगुळीत टाइल आणि कोटा फरशी कोरड्या असताना बऱ्या वाटतात. साबणाचं पाणी सांडलं की तीच जागा घसरगुंडी होते.

तडा गेलेली काच, सुटलेलं रबर, हलणारं ग्रिल यांचे फोटो काढून ग्राहकाला त्याच दिवशी पाठवा. हा सल्ला सुरक्षेइतकाच पैशाचा आहे.

निघण्याआधी तपासा: उंची मोजली का? तारा, मोहोळ, जमीन बघितली का? गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचारलं का? हुकासाठी खांब दिसला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर टप्पा ७ वाचून मगच काम घ्या.

## टप्पा २: न चढता होतं का ते बघा

निम्म्याहून जास्त खिडक्यांना शिडी लागतच नाही. वेळ वाचेल म्हणून शिडी लावतात, आणि ती हलवण्यातच वेळ जातो.

टेलिस्कोपिक पोलवर स्क्रबर आणि वायपर लावून जमिनीवरून १५ फुटांपर्यंत चांगली सफाई होते. त्याहून उंच गेलं की वायपरचा दाब हाताला कळत नाही आणि पट्टे राहतात. तिथे पाणी सोडणारा ब्रशचा पोल लागतो. त्यात पुसायचं नसतं. शुद्ध पाण्याने घासायचं, धुवायचं आणि तसंच सुकू द्यायचं. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १० च्या खाली असेल तर डाग राहत नाहीत. बोअरचं पाणी यात वापरलं तर काच आधीपेक्षा वाईट दिसेल. घरगुती आरओचं पाणीही बहुतेक वेळा १० च्या वरच असतं, त्यापुढे उरलेले क्षार काढणारा डीआय रेझिनचा फिल्टर लावावा लागतो. खिशात मावेल असा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या.

स्लायडिंग खिडकीचा शटर वर उचलला की खालच्या ट्रॅकमधून सुटून आत येतो. आधी आतल्या ट्रॅकवरचा काढायचा, मग बाहेरचा सरकवून त्याच बाजूने आत घ्यायचा. वरच्या चौकटीत शटर उचलू न देणारा स्क्रू असेल तर तो सोडावा लागतो. वजनाचा अंदाज आधीच घ्या: काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. २ फूट बाय ४ फुटांचा, ५ मिमी काचेचा शटर म्हणजे नुसती काचच ९ किलोंच्या वर, फ्रेम वेगळी. एकट्याने काढू नका.

सावध: बाहेरून ग्रिल नसेल तर शटर काढायचाच नाही. शटर निघाला की समोर उघडं भोक उरतं, आणि दोन्ही हातांत काच धरलेल्या माणसाचा तोल त्याच भोकाकडे जातो.

चुंबकाचा दुहेरी वायपर ग्रिल नसलेल्या बंद काचेला उपयोगी आहे, पण तो काचेच्या जाडीप्रमाणे घ्यावा लागतो. ५ मिमीसाठीचा १२ मिमीच्या काचेवर निसटतो. बाहेरच्या अर्ध्या भागाची दोरी आत पक्की बांधल्याशिवाय तो बाहेर ठेवू नका.

## टप्पा ३: वेळ ठरवणं

एप्रिल-मेमध्ये सकाळी ६ ते १०, नंतर नाही. ४४-४५ अंशांत शिडीची पायरी हाताला चटका देते, बेल्टची बकल पोळते आणि काचेवरून उलटणारी झळ थेट तोंडावर येते. वर असताना आलेली चक्कर म्हणजे पडणंच. दर वीस मिनिटांनी एक ग्लास पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. शिवाय तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते, विशेषतः रंगीत काच. ज्या बाजूला सावली ती बाजू आधी घ्या.

वाऱ्यासाठी झाडांकडे बघा. पानं आणि बारीक फांद्या हलत असतील तर सावधपणे चालू ठेवा. लहान झाडं मुळापासून डोलायला लागली की वारा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा शिडी खाली घ्यायची.

अवकाळीच्या दिवसांत आणि जूनच्या तोंडावर दुपारनंतर ढग बघताबघता येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर गच्ची आणि शिडी दोन्ही सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी परत या. विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप मोबाइलवर असू द्या.

## टप्पा ४: साहित्य हातात घेऊन तपासणं

हे रोज सकाळी करायचं, दुकानातून आणल्यावर एकदा करून भागत नाही.

बेल्ट. फक्त कमरेचा पट्टा पडताना माणसाला वाचवत नाही, मधोमध मोडतो. मांड्यांच्या पट्ट्यांसह पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या. त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा किंवा ईएन ३६१ हा युरोपच्या मानकाचा क्रमांक आणि तयार झाल्याची तारीख असलेली पट्टी हवी. पट्टी फाटून गेलेला जुना बेल्ट फुकट मिळाला तरी घेऊ नका. पट्टा दोन्ही हातांत धरून उलटा ‘यू’ आकारात वाकवा आणि इंचाइंचाने पुढे सरका. वाकवल्यावरच बारीक काप आणि तुटलेले धागे वर येतात. कडक, चकाकणारा भाग दिसला तर तो तापून वितळला आहे. शिलाई उसवलेली असेल, बकल गंजली असेल, तर बेल्ट बाद. त्याचे तुकडे करून टाका, नाहीतर दुसरं कोणीतरी उचलून वापरतं.

हुकाचा दोर. शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे झटका शोषणारा भाग, असलेलाच घ्या. त्याची शिवलेली पिशवी उघडलेली किंवा लांबलेली असेल तर तो एकदा झटका खाऊन बसला आहे, पुन्हा वापरायचा नाही. दोन हूक असलेला दोर जास्त उपयोगी: जागा बदलताना एक हूक कायम अडकलेला राहतो. हुकाचं फाटक सोडलं की स्वतःहून पूर्ण बंद होऊन लॉक झालं पाहिजे. धूळ आणि साबण साचून ते अर्धवट उघडं राहतं. कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा.

दोर. बाजारातला पिवळा-हिरवा प्लॅस्टिकचा दोर ताडपत्रीला ठीक आहे, माणसाला नाही. घर्षणाने तो वितळतो. माणसासाठी ११ मिमीचा, कमी ताणाचा, गाभा आणि त्यावर विणलेलं आवरण असलेला दोर घ्या.

अॅसिड. नव्या बांधकामावर सिमेंटचे डाग काढायला अॅसिड वापरतात. नायलॉनचा दोर आणि बेल्ट अॅसिडने कमजोर होतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. अॅसिडची बाटली आणि बेल्ट एकाच पिशवीत ठेवणं ही या धंद्यातली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. थेंब उडाल्याची नुसती शंका असली तरी तो बेल्ट बाद करा.

हेल्मेट आयएस २९२५ चं, हनुवटीचा पट्टा लावून. पट्ट्याशिवायचं हेल्मेट पडताना माणसाच्या आधी खाली पोचतं. पायात रबरी तळाचे बंद बूट, चप्पल नाही.

## टप्पा ५: खालची जागा आणि उतरवायची सोय

काम जितक्या उंचीवर, त्याच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी जागा भिंतीपासून दोरी किंवा पट्टी लावून बंद करा. २० फुटांच्या कामाला ७ फूट. खाली दुकान असेल तर दार उघडायच्या आधीची वेळ मागून घ्या. गाड्या हलवायला आदल्या रात्रीच सांगावं लागतं, सकाळी मालक झोपलेला असतो.

आता दुसरी गोष्ट. ती बेल्ट घालायच्या आधी मुद्दाम घेतली आहे, कारण बेल्ट घातल्यावर तिचा विचार कोणी करत नाही: पडून बेल्टवर लटकलात तर खाली कोण आणणार? बेल्टमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची ही वेळ नव्हे. म्हणून बेल्ट लागणारं काम एकट्याने करायचंच नाही. मदतनीसाला तीन गोष्टी माहीत हव्यात: गच्चीची किल्ली कुठे आहे, लटकलेल्या माणसापर्यंत कुठल्या खिडकीतून किंवा शिडीने पोचता येतं, आणि १०८ ला फोन करून पत्ता कसा सांगायचा. पत्ता खुणेसकट कागदावर लिहून त्याच्या खिशात द्या. घाबरलेल्या माणसाला प्लॉट नंबर आठवत नाही. जवळ काय पडतं तेही ठरवून ठेवा: मेडिकलचं (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) ट्रॉमा सेंटर, मेयो रुग्णालय की मिहानचं एम्स.

लटकलेल्याने शुद्धीत असेपर्यंत पाय हलवत राहायचं. दोराच्या तुकड्याचा फास करून त्यात पाय देऊन उभं राहता आलं तर उत्तम. असा तुकडा बेल्टच्या बाजूला आधीच बांधून ठेवा. खाली आणल्यावर बसवून ठेवायचा जुना सल्ला पाळू नका. आडवं करा. शुद्ध नसेल आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा.

## टप्पा ६: शिडी

१. उताराचं प्रमाण ४ ला १. शिडीचं डोकं १६ फुटांवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून ४ फुटांवर. टेप नसेल तर पायांची बोटं शिडीच्या पायाला लावून सरळ उभे राहा आणि हात खांद्याच्या रेषेत समोर पसरा. तळवे पायरीला लागले तर कोन बरोबर. यापेक्षा उभी शिडी मागे उलटते, यापेक्षा तिरकी पायाखालून सरकते.

२. पायाखाली कोरडी रबरी मॅट. मातीवर १८ मिमी प्लायचा २ फूट बाय १ फुटाचा तुकडा. उंचसखल जागेत एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवण्याची पद्धत सोडा. वीट फुटते किंवा फिरते.

३. डोकं भक्कम भिंतीवर टेकलं पाहिजे. काचेवर नाही, स्लायडिंगच्या फ्रेमवर नाही, पीव्हीसीच्या पाइपवर नाही, एसीपीच्या (इमारतीला बाहेरून लावतात त्या अॅल्युमिनियमच्या) पत्र्यावर तर मुळीच नाही. खिडकी मधे येत असेल तर शिडीच्या डोक्याला आडवा आधार बसवा, जो खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टेकतो आणि शिडीला काचेपासून फूटभर लांब धरतो.

४. शिडी बांधा. ग्रिल माणसाला पेलणार नाही, पण शिडीचं डोकं बाजूला सरकू न देण्याइतकं ते पुरतं. वर बांधता येत नसेल तर खालून दोन्ही पाय खांबाला किंवा खुंटीला बांधा. खाली माणूस पाय देऊन उभा आहे हा आधार कमकुवत आहे. उंच शिडी बाजूला जायला लागली की तो ती थांबवू शकत नाही, आणि वरून पडणाऱ्याखाली तोही सापडतो.

५. वाढणारी शिडी असेल तर दोन भाग किमान तीन पायऱ्या एकमेकांवर राहिले पाहिजेत आणि लॉक दोन्ही बाजूंना बसलेलं डोळ्यांनी बघा. वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. गच्चीवर जायला शिडी वापरत असाल तर ती कडेच्या वर निदान ३ फूट गेली पाहिजे.

६. वर गेल्यावर पोटावरची बकल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या आतच ठेवायची. ती बाहेर गेली की तुमचं वजन बाहेर गेलं. ‘एवढा कोपरा राहिला’ म्हणून झुकायचं नाही. खाली या, शिडी सरकवा, परत चढा. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, आणि हातात-कमरेला मिळून १० किलोंपेक्षा जास्त वजन नाही.

घोडी वापरताना ती पूर्ण उघडून साखळी ताणलेली हवी, आणि तिचं तोंड काचेकडे हवं. भिंतीला समांतर उभी केलेली घोडी पुसण्याच्या जोराने आडवी होते. मिटवून भिंतीला टेकवलेली घोडी म्हणजे शिडी नव्हे. वरच्या पाटीवर उभं राहणाऱ्याला काय सांगायचं, ते त्यालाही माहीत असतं.

## टप्पा ७: आधी अँकर, मग बेल्ट

पडणाऱ्या माणसाचं वजन ७०-८० किलो नसतं, झटक्याच्या क्षणी ते कित्येक पटींनी वाढतं. चांगला शॉक अॅब्सॉर्बर तो झटका सुमारे ६०० किलोंपर्यंत रोखून धरतो. म्हणून अँकर (हूक किंवा दोर जिथे अडकवायचा तो आधार) त्याच्या दुप्पट, म्हणजे एका माणसासाठी किमान १,२०० किलो पेलणारा हवा. हा आकडा डोक्यात ठेवून गच्चीवर नजर फिरवा.

चालेल: जिन्याच्या टोपीचे किंवा लिफ्ट रूमचे आरसीसी खांब, टाकीखालचे आरसीसी खांब, बीम, आणि बांधतानाच बसवलेले, तपासणीचं पत्र असलेले अँकर.

चालणार नाही: साडेचार इंची विटांचा कठडा, त्यावरची रेलिंग, सोलरचा स्टँड, डिश, प्लॅस्टिकची टाकी, नळाचे पाइप, वीजरोधकाची पट्टी, एसीचा ब्रॅकेट, खिडकीचं ग्रिल, दुकानाच्या बोर्डाची फ्रेम. ग्रिलबद्दल वाद घालणारे भेटतात. ते प्लास्टरमध्ये खिळ्या-स्क्रूंवर बसवलेलं असतं. हाताने ओढून ते हलत नाही हे खरं, पण हाताचा ओढा आणि पडण्याचा झटका यांची तुलना होत नाही.

खांबाभोवती वेबिंगची (विणलेल्या मजबूत पट्ट्याची) स्लिंग शक्य तितकी खाली, स्लॅबजवळ गुंडाळा. दोन्ही टोकं एका लॉकिंग कॅराबिनरमध्ये (लॉक होणाऱ्या कडीत) घ्या. दोन टोकांमधला कोन ९० अंशांच्या आत हवा. स्लिंग तोकडी असेल तर कोन उघडतो आणि दोन्ही बाजूंवरचा ताण वाढतो. खांबाचे कोपरे धारदार असतात, तिथे जाड गालिच्याचा तुकडा घाला. कठड्याच्या कडेवरही तेच. तुमची जागा अँकरच्या सरळ रेषेत ठेवा. बाजूला ३० अंशांपलीकडे गेलात तर पडल्यावर झोका बसतो आणि भिंतीवर आपटता.

मग बेल्ट. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात जायला हवा, मूठ जायला नको. छातीची पट्टी छातीच्या मध्यावर, गळ्याशी नाही. हूक पाठीवरच्या डी-रिंगला, म्हणजे ‘डी’ आकाराच्या कडीला. बाजूच्या कड्या जागेवर टेकून राहण्यासाठी असतात, पडणं अडवण्यासाठी नाही. मदतनीसाने मागून प्रत्येक बकल हाताने ओढून बघायची.

आता हिशेब, जो जवळजवळ कोणी करत नाही. हुकाचा दोर २ मीटर. अॅब्सॉर्बर उघडून वाढतो पावणेदोन मीटरपर्यंत. पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. शिवाय १ मीटर राखीव. बेरीज सव्वासहा मीटर, म्हणजे २० फुटांच्या थोडं वर. अँकरपासून खाली एवढी मोकळी जागा हवी. पार्किंगवरच्या पहिल्या मजल्याची जमीन १० फुटांवर असते. तिथे हूक पायाशी लावून उभा असलेला माणूस पडला, तर दोर पूर्ण ताणायच्या आत तो जमिनीवर असतो. बेल्ट आयएसचा, हूक नवा, अँकर भक्कम, तरीही.

उपाय: कमी उंचीवर पडल्यावर अडवणारा दोर वापरायचा नाही, कडेपर्यंत पोचूच न देणारा वापरायचा. अँकरपासून कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि दोर त्यापेक्षा इतका आखूड करा की कडेच्या अलीकडेच तो ताणेल. दोर लावून हळूहळू कडेकडे चाला. कठड्याला हात लागतो पण वरचं अंग बाहेर झुकत नाही, तिथे लांबी बरोबर आहे. कठडा छातीपेक्षा खाली असलेल्या गच्चीवर कडेपासून २ मीटरच्या आत येण्याआधी हूक लागलेला असला पाहिजे.

खोलीत खांब उघडा नसेल, आणि फ्लॅटमध्ये तो बहुतेक वेळा नसतोच, तर खिडकीतून बाहेर झुकायचं नाही. पलंगाचा पाय, दरवाज्याची कडी, पंख्याचा हूक यांतलं काहीही अँकर नाही. तिथे पोल, चुंबक किंवा ग्रिलच्या आतून पोचेल तेवढंच काम. ‘भाऊ, पाच मिनिटाचं काम आहे, छज्ज्यावर उभं राहून होऊन जाते ना’ असं ग्राहक म्हणेल. बिलात ती काच ‘बाहेरून घेतली नाही’ असं लिहा आणि पुढच्या खिडकीकडे चला.

## टप्पा ८: वर गेल्यावर पुसण्याचा क्रम

चढताना हात रिकामे. बादली ४-५ लिटरची, शिडीला हुकाने टांगलेली, आणि ती दोरीने वर ओढून घ्यायची. १० लिटर पाण्याला १० मिलि भांड्यांचं लिक्विड पुरतं. जास्त घातलं की फेस खाली सांडतो आणि शिडीच्या पायाखालची जागा निसरडी होते. वायपर मनगटाला दोरीने बांधलेला, पात्याच्या स्क्रेपरला झाकण.

उंबरठ्यावर कबुतरांची घाण असेल तर कोरडी खरवडू नका, ती धूळ फुप्फुसांत जाते. साबणाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, एन९५ मास्क लावा आणि ओली असतानाच पिशवीत भरा.

आपल्याकडे उन्हाळ्यात काचेवर बारीक वाळूसारखी धूळ बसते. ती भरपूर पाण्याने आधी उतरवा, नाहीतर स्क्रबरखाली तीच ओरखडे काढते. कोरड्या हवेत साबण पाहता पाहता वाळतो, म्हणून एका वेळी एकच शटर ओला करा. शिडीवर असताना वायपर वरून खाली सरळ ओढा. जमिनीवर वापरतो तो आडवा नागमोडी हात इथे नको, कारण प्रत्येक आडव्या फटकाऱ्याने शिडीलाही तेवढाच धक्का बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्यावर इंचभर चढवा आणि पातं पुसत राहा.

उतरण्याआधी तपासा: हत्यारं बादलीत गेली का? बादली खाली सोडली का? खालची फरशी ओली असेल तर मदतनीसाने पुसली का? शेवटच्या दोन पायऱ्यांवर पाय खूपदा चुकतो. माणूस जमीन आली असं धरून चालतो.

## दोरावरचं काम

तीन मजल्यांच्या वर, जिथे पोल पोचत नाही आणि आतून होत नाही, तिथे दोर येतो. एका दोरावर पाट बांधून रंगारी उतरतात तसं उतरणं सर्रास चालतं. ती पद्धत घेऊ नका. दोरावरच्या कामात दोन स्वतंत्र दोर, दोन स्वतंत्र अँकर, एक उतरण्यासाठी आणि एक पडलात तर अडवण्यासाठी, असा नियम आहे. दोन्ही दोरांच्या खालच्या टोकाला गाठ, कडेवर दोन्हींना वेगळं संरक्षण, वर अँकरशी एक माणूस कायम, आणि त्या माणसाला लटकलेल्याला सोडवता आलं पाहिजे. हे वाचून येत नाही, प्रशिक्षण घेऊन येतं.

काम आणून देणाऱ्या ठेकेदाराला चार प्रश्न विचारा: दुसरा दोर कोणाचा आहे? तो कशाला बांधणार? दोर कधी घेतलेला आहे, त्याची पट्टी दाखवा. वर कोण उभा राहणार? एका उत्तरालाही टाळाटाळ झाली तर तळमजला आणि पहिल्या मजल्याचं काम पोलने घ्या, तेवढाच भाव लावा आणि वरचं त्याच्याकडेच राहू द्या.

विमा मात्र शिडीवरच्या कामालाही हवा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयापर्यंत अपघाती मृत्यूला २ लाखांचं कव्हर मिळतं. हप्ता मे अखेरीस कापला जातो, तेव्हा खात्यात पैसे ठेवा. त्यात दवाखान्याचा खर्च मिळत नाही, त्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी लागते. ती घेताना फॉर्मवर धंदा ‘सफाई’ एवढाच लिहू नका, ‘उंचावर काचा साफ करणे’ असं पूर्ण लिहा. दाव्याच्या वेळी कंपनी आधी तोच रकाना बघते.